पहिला धडा घरच्या हिशेबाचा

"काकाजी, मी कॉलेज सोडून देऊन राहिली."

गेल्या श्रावणातली रविवारची सकाळ. बाहेर झड लागलेली आणि दारात शेजारची मुलगी उभी. हातातली वही ओढणीच्या टोकाने पुसत होती. मी तिला आत बोलावले, चहा पुढे केला. चहा तसाच राहिला.

ही मुलगी देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. पोरीने शिकावे म्हणून वडिलांनी वर्ध्यात आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि सोबतीला आजीला पाठवले. आजी रिकाम्या हाताने आली नाही, दोन गाई घेऊन आली. मागच्या मोकळ्या जागेत त्या बांधल्या आणि गल्लीतल्या पाच घरी दूध घालू लागली. नातीची फी कापसावर आणि वह्या-पुस्तके दुधावर, असा हा संसार. मुलगी संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत गणितात कधी मागे पडली नव्हती.

"कशात अडलं?" मी विचारले.

"पायथॉन नाही जमून राहिलं. सारं इंग्रजीत आहे. मी तर मराठी शाळेतली."

मी वही चाळली. अक्षर मोत्यासारखे. 'लिस्ट इज ॲन ऑर्डर्ड, म्युटेबल कलेक्शन.' 'टपल इज इम्म्युटेबल.' पानेच्या पाने अशी. मी विचारले, "म्युटेबल म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "ते पाठ आहे, काकाजी. म्हणजे काय, ते नाही माहीत."

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. पायथॉन शिकलो तो निवृत्तीनंतर, हौसेने. तिचे ते उत्तर ऐकून मला तिचा राग आला नाही, आपल्या मास्तरकीची लाज वाटली. महिनाभर तिच्या वर्गात पायथॉन फळ्यावरच चालले होते. यंत्रासमोर बसायची पाळी आली ती दोनदा, तीही तिघींत एक. त्या कॉलेजचे नाव मी घेणार नाही, कारण ही एका कॉलेजची गोष्ट नाही. गावोगावची मुले आज संगणकाची पहिली पायरी अशीच घोकतात आणि तिथेच घसरतात. आपली बुद्धीच तोकडी, असे समजून घरी परततात.

मला वाटते, दोष बुद्धीचा नाही. पायथॉनचा पहिला धडा हा इंग्रजीचा धडा नव्हेच. तो घरातल्या वस्तू नीट लावण्याचा धडा आहे आणि तो मराठीत, घरच्या हिशेबावर शिकवता येतो. शिकवायलाच हवा.

अजगर नव्हे, विनोदी कार्यक्रम

आधी या भाषेची थोडी ओळख. संगणकाला काम सांगायचे तर त्याला कळेल अशा नियमबद्ध भाषेत सांगावे लागते. पायथॉन ही त्यांतली एक. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती रचायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये जगासाठी खुली केली. नाव अजगरावरून आलेले नाही. ते आले 'मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस' या बीबीसीवरच्या विनोदी कार्यक्रमावरून. आज शास्त्रज्ञांपासून बँकांपर्यंत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांपर्यंत ती वापरात आहे. तरीही ती फुकट मिळते आणि साध्या फोनवरही चालते.

यातल्या दोन गोष्टी मी त्या मुलीला मुद्दाम सांगितल्या. एक, या भाषेच्या कर्त्याची मातृभाषाही इंग्रजी नव्हती. दुसरी, १९९९ साली याच गिडोंनी 'सर्वांसाठी संगणक प्रोग्रॅमिंग' अशा आशयाचा एक प्रस्ताव मांडला होता. लिहिता-वाचता येते तसा थोडा प्रोग्रॅमही प्रत्येकाला लिहिता यावा, ही त्यामागची कल्पना. 'सर्वांसाठी' या शब्दात देवळी तालुका येतो की नाही, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

इंग्रजीचा बाऊ किती करायचा तेही पाहू. पायथॉनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. इफ, एल्स, फॉर, इन, नॉट, अँड असे. मराठी शाळेतली मुलगी सातवीपर्यंत याच्या दसपट शब्द शिकलेली असते. उरलेली नावे आपण द्यायची असतात आणि ती इंग्रजीतच हवीत असा कायदा नाही. २००८ साली पायथॉनची तिसरी आवृत्ती आली. तेव्हापासून देवनागरीतली नावेही पायथॉनला चालतात. 'दूध' हे नाव देऊन त्यात आकडा ठेवा, तो निमूट ठेवतो. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे हा प्रकारच नाही. त्यामुळे नवशिक्यांची एक नेहमीची चूकही टळते. इंग्रजीत एखादे नाव आधी मोठ्या अक्षराने लिहिले आणि पुढे लहान, तर पायथॉनला ती दोन वेगळी नावे वाटतात.

मी तिला म्हटले, "वही मिटव. आजीचं कॅलेंडर घेऊन ये."

कॅलेंडरवरचा पायथॉन

आपल्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, हे घरोघरच्या वाचकांना सांगायला नको. तारखेच्या चौकटीत दीड, दोन, आणि जिथे खाडा तिथे फुली. आजीच्या कॅलेंडरवर पाच घरांची पाच रंगांत नोंद होती. पायथॉनमध्ये माहिती ठेवण्याची जी चार मुख्य भांडी आहेत, ती चारही मला त्या कॅलेंडरवर दिसली. मराठी शाळेत आपण साधा कंस, महिरपी कंस आणि चौकटी कंस शिकतो. ही भांडी त्या कंसांवरूनच ओळखायची.

पहिले भांडे लिस्ट, म्हणजे यादी. ती चौकटी कंसात लिहायची, दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम. बँकवाल्या बाईंकडे पहिल्या तारखेला एक लिटर, दुसऱ्या तारखेला एक, तिसऱ्याला दोन, ही झाली यादी. तिला क्रम असतो. एकच आकडा पुन्हा पुन्हा येऊ शकतो. शेवटी नवी नोंद जोडता येते, मधली खोडून बदलता येते. "हे जे बदलता येणं आहे ना, तेच म्युटेबल," मी म्हटले. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "एवढंच?" म्हणाली.

यादीतली एक गोष्ट मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकते. पायथॉन पहिल्या नोंदीला एक नव्हे, शून्य क्रमांक देतो. यासाठी दूर जायला नको, नागपूरचा झिरो माइलचा दगड पुरे. तिथून वर्धा सुमारे ७५ किलोमीटर, पण त्या दगडापाशीच उभे असाल तर अंतर शून्य. पायथॉनचा क्रमांक म्हणजे यादीच्या सुरुवातीपासूनचे अंतर. पहिली नोंद सुरुवातीलाच उभी, म्हणून शून्यावर. महिन्याची पाच तारीख क्रमांक चारवर सापडते. आणि सगळ्यात शेवटची नोंद हवी असेल तर किती नोंदी आहेत ते मोजायचीही गरज नाही, उणे एक म्हणायचे.

दुसरे भांडे टपल. ते साध्या कंसात लिहितात. दिसायला यादीसारखेच, पण एकदा केले की त्यातली नोंद बदलता येत नाही. लग्नपत्रिका छापून आल्यावर तारखेत खाडाखोड करता येत नाही, करायचीच तर नवी पत्रिका छापावी लागते, तसे. जन्मतारीख, गावाचे अक्षांश-रेखांश अशा न बदलणाऱ्या गोष्टी इथे ठेवाव्यात. एक बारीक खोच आहे. टपलमध्ये एकच नोंद असेल, तरी तिच्यापुढे स्वल्पविराम द्यावा लागतो. नाहीतर पायथॉन तो कंस गणितातला समजून सोडून देतो.

तिसरे भांडे डिक्शनरी. नाव शब्दकोशाचे, काम बाजार समितीतल्या भावफलकाचे. हिंगणघाटच्या कापसाच्या बाजारात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे शिकवावे लागणार नाही. डाव्या हाताला मालाचे नाव, उजव्या हाताला भाव: कापूस, तूर, सोयाबीन, चणा. नाव सांगितले की भाव मिळतो. फलकावर कापूस दोनदा लिहीत नाहीत. नवा भाव आला की जुना पुसून तिथेच लिहितात. डिक्शनरीचाही नियम हाच. तिला महिरपी कंस असतो, आणि नाव व किंमत यांच्यामध्ये अपूर्णविराम. फलकावर नसलेल्या मालाचा भाव विचारला तर पायथॉन चूक दाखवून थांबतो. तसे होऊ नये म्हणून 'नसेल तर शून्य धर' असे आधीच सांगून ठेवण्याचीही सोय आहे.

चौथे भांडे सेट. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची दोन घरांतल्या दोन बायकांनी वेगवेगळी यादी केली, तर त्या दोन्ही यादींत काही नावे सारखी असणारच. दोन्ही एकत्र करायच्या, पण कुणाला दोनदा बोलावणे जाऊ नये आणि कुणी राहूही नये. सेटमध्ये हे आपोआप होते, कारण तिथे एक नाव एकदाच राहते. दोघींच्या यादीत कोण आहे, एकीच्याच यादीत कोण आहे, हे एका चिन्हाने कळते. आठवी-नववीतले संच, त्यांचा संयोग आणि छेद, हेच ते. सेटलाही महिरपी कंसच असतो, पण नुसता रिकामा महिरपी कंस लिहिला तर पायथॉन तो डिक्शनरी समजतो. रिकाम्या सेटसाठी 'सेट' हा शब्द लिहून पुढे साधा रिकामा कंस द्यावा लागतो.

तासाभराने मुलगी आपणहून म्हणाली, "म्हणजे आजीचं कॅलेंडर म्हणजे डिक्शनरी, काकाजी. घराचं नाव, अन् त्याच्यापुढे लिस्ट."

हे मी तिला सांगितले नव्हते. भांड्यात भांडे ठेवता येते, हे तिचे तिने काढले. तिथे मला कळले की ही मुलगी कॉलेज सोडत नाही.

मुनीमजींची वही

मग वाक्यरचना. पायथॉनमध्ये कुठले काम कशाच्या पोटात आहे, हे ओळ किती आत सरकवली आहे त्यावरून ठरते. इतर बऱ्याच भाषांत त्यासाठी महिरपी कंस लागतात. पायथॉनने ही पद्धत घेतली 'एबीसी' नावाच्या एका आधीच्या भाषेकडून. ॲमस्टरडॅमच्या ज्या संस्थेत गिडो काम करत, तिथेच ती भाषा नवशिक्यांसाठी तयार झाली होती. पण आपल्याकडे हे नवे नाही. अडत्याच्या दुकानातल्या मुनीमजींची वही आठवा. कुळाचे नाव डावीकडे समासाला लागून, आणि त्याच्या नोंदी खाली थोड्या आत. पुन्हा समासाला लागून ओळ आली की समजायचे, आता दुसरे कूळ. पायथॉनमध्ये 'प्रत्येक घरासाठी' असे सांगून अपूर्णविराम द्यायचा. खालच्या ओळी चार मोकळ्या जागा सोडून आत घ्यायच्या. त्या आतल्या ओळी प्रत्येक घरासाठी पुन्हा पुन्हा चालतात. समासाला परतलात की ते काम संपले.

बरोबरीच्या चिन्हाचेही तसेच. शाळेतल्या सवयीने मुले त्याचा अर्थ 'सारखे आहे' असा घेतात. पायथॉनमध्ये एक बरोबर म्हणजे 'असू दे', आणि लागोपाठ दोन बरोबर म्हणजे 'आहे का?'. भाव साठ असू दे. भाव साठ आहे का? एक आज्ञा, एक प्रश्न. मराठीत हा फरक इतका स्वच्छ आहे, की इंग्रजीतल्या व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

पहिला प्रोग्रॅम तयार झाला. सकाळचे दूध विचारायचे, संध्याकाळचे विचारायचे, बेरीज सांगायची. आजीलाच बोलावले. तिने नातीला सांगितले, सकाळी दोन, संध्याकाळी एक. पडद्यावर उत्तर उमटले: २१.

आजी खो खो हसली. "दोन अन् एक एकवीस? मले असं यंत्र दे वं बाई, गाईलेबी सांगतो!"

झाले होते असे, की माणसाने टंकलेले सगळे पायथॉन आधी अक्षरे म्हणून घेतो. 'दोन' आणि 'एक' ही त्याच्या लेखी दोन अक्षरे, ती त्याने शेजारी-शेजारी चिकटवली. त्यांचे आकडे कर, असे वेगळे सांगावे लागते. आणि इथे मला स्वतःलाच एक नवल समजले. नातीने फोनच्या मराठी कळफलकावर आकडे देवनागरीत टंकले होते, आणि आकडे करायला सांगताच पायथॉनने ते बिनतक्रार ओळखले. प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहिलेला त्याला चालत नाही, आणि उत्तरही तो इंग्रजी आकड्यांतच देतो. पण बाहेरून कुणी देवनागरीत आकडा दिला तर तो समजून घेतो. मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले त्यासाठी मी महिनाभर दूध फुकट वाटले असते. "काकाजी, त्याला आपले आकडे समजतात!"

सगळेच समजत नाही, हेही तिला दाखवले. 'वर्धा' या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू दोन. पायथॉन म्हणतो पाच: व, र, पाय मोडण्याचे चिन्ह, ध आणि काना. आपल्या लिपीची जोडाक्षरे संगणकात अशी सुटी करून ठेवलेली असतात. मराठीत संगणकाचे काम करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळायला हवे आणि इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकात ते सापडण्याची शक्यता कमीच.

आजीकडून मी एक गोष्ट शिकलो ती वेगळीच. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ आहे. पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच, साडेतीन, हे सगळे अपूर्णांक निम्म्याचे निम्मे करून मिळणारे आहेत. संगणकाची मोजणीही दोनाच्या पटीत चालते. म्हणून हे सगळे अपूर्णांक तो तंतोतंत साठवतो. पण एक-दशांश त्याला नेमका साठवता येत नाही, जसे आपल्याला दशांशात एक-तृतीयांश संपवता येत नाही. पायथॉनला शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन विचारा. उत्तरात ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ लोंबताना दिसेल. सोळा आणे, चौसष्ट पैशांचा जुना रुपया संगणकाला जास्त मानवला असता. १ एप्रिल १९५७ पासून आपण दशमान पैसे घेतले. म्हणून रुपये-पैशांचा हिशेब पूर्ण पैशांत ठेवावा, हा शहाणपणा. आजीची उजळणी आणि यंत्राची मोजणी यांचे गोत्र एकच निघाले. अशी गोष्ट कळली की मूल संगणकाला घाबरत नाही.

दोन नावे, एकच यादी

महिनाअखेर आली. नातीने पाचही घरांचा हिशेब प्रोग्रॅमने काढला. मी पाहिला, मला बरोबर वाटला. आजीने ऐकला आणि म्हणाली, "बँकवाल्या बाईनं गौरी-गणपतीत तीन लिटर घेतलं, ते कोपऱ्यावरच्या मास्तरच्या नावावर काहून चढलं?"

आम्ही दोघांनी पुन्हा पाहिले. खरेच. मास्तरांकडे आणि बाईंकडे महिन्याची सुरुवात सारखीच होती, म्हणून नातीने श्रम वाचवायला लिहिले होते, मास्तरांची यादी बरोबर बाईंची यादी. तिला वाटले, नक्कल झाली. पायथॉनमध्ये नक्कल होत नाही, त्याच यादीला दुसरे नाव मिळते. आपल्याकडे माहेरचे नाव वेगळे आणि सासरचे वेगळे असते, पण बाई एकच. माहेरच्या नावाने तिला साडी नेसवली, तर सासरच्या नावाची बाई तीच साडी नेसलेली असणार. बाईंच्या यादीत तीन लिटर लिहिले आणि मास्तरांचे बिल वाढले. खरी नक्कल हवी असेल तर 'कॉपी कर' असे स्पष्ट सांगावे लागते.

पायथॉनने कुठलीही चूक दाखवली नव्हती. प्रोग्रॅम सुरळीत चालला आणि उत्तर चुकीचे आले. ते पकडले ते दुधाचा प्रत्येक थेंब माहीत असलेल्या बाईने.

मला हल्ली नेहमी एक प्रश्न विचारतात. आता यंत्राला मराठीत सांगितले की ते प्रोग्रॅम लिहूनच देते, मग पोरांनी यादी अन् टपल शिकायचे कशाला? त्याला माझे उत्तर हे आहे. यंत्राने लिहून दिलेला हिशेबही कुणीतरी तपासायचा आहे. ज्याला दोन नावे आणि एक यादी यांतला फरक माहीत नाही, त्याला तो तपासता येणार नाही. मास्तरांच्या बिलात चूक झाली तर दोनशे रुपयांचा प्रश्न. पीक विम्याच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या यादीत, रेशनच्या यादीत अशीच चूक झाली तर? तिथे बसलेला माणूस आपल्यातला आणि जाणता असायला हवा.

हे वर्ध्याला सांगायला हवे?

खरे तर हे सगळे वर्ध्यात लिहावे लागते याचेच मला वाईट वाटते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यानंतर जी योजना आखली, तिला देश 'वर्धा योजना' म्हणूनच ओळखतो. शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हातकामाच्या भोवती, हा तिचा गाभा. टकळीवर सूत कातणारे मूल सुताची लांबी मोजताना अंकगणित शिके, कापसाच्या बोंडावरून शेती आणि भूगोलाकडे जाई. पुढे आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला ही नई तालीम उभी केली. त्याच परिसरात २००५ पासून 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा चालते आहे.

टकळीच्या जागी संगणक बसवा, असे भाबडे विधान मला करायचे नाही. कातलेले सूत हातात येते, त्याचे कापड होते, तसे संगणकाचे नाही, हे मला कळते. त्या योजनेवर त्या काळी टीकाही झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण तिचा एक धडा कालबाह्य झालेला नाही: मूल जे रोज हाताळते तिथून सुरुवात करा, आणि ज्या भाषेत ते भांडते त्या भाषेत शिकवा. आजीचे कॅलेंडर ही आमची टकळी झाली, एवढेच.

सरकारी कागदावर याला विरोध नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत, मातृभाषेचा आग्रह धरते आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगही सुचवते. अभियांत्रिकी मातृभाषेतून शिकवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून वाट मोकळी केली. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात मराठी आवाजातले पाठ आहेत, त्यांत पायथॉनही आहे, आणि ते फुकट आहेत. मग अडते कुठे? अडते वर्गात आणि परीक्षेत. जोवर परीक्षेत 'लिस्टची व्याख्या लिहा' हा प्रश्न येईल, तोवर मुले व्याख्याच पाठ करतील. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या मागण्या फार नाहीत. पहिले दोन महिने पायथॉन मराठीत समजावा. हिशेब गावातलाच घ्या: दुधाचा, कापसाच्या वजनाचा, बचत गटाचा, एसटीच्या वेळापत्रकाचा. परीक्षा यंत्रासमोर घ्या. एक चुकलेला प्रोग्रॅम द्या आणि चूक शोधायला सांगा. पायथॉन चूक दाखवतो तेव्हा त्याच्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायची असते. एवढी एक सवय लागली तरी निम्मी भीती जाते. यासाठी प्रत्येकापुढे नवा संगणक हवाच असे नाही, घरातल्या फोनवरही सुरुवात होते.

आणि मराठीच्या अभिमान्यांनाही हात जोडून एक विनंती. लिस्टला 'अनुक्रमित परिवर्तनीय संग्रह' असले काही नाव देऊ नका. तो शब्द 'म्युटेबल'इतकाच परका आहे. लिस्टला लिस्ट म्हणा, पण समजावताना यादी म्हणा. ते ३५ शब्द इंग्रजीतच राहू देत, ते जगभरच्या मुलांना तसेच शिकावे लागतात. इंग्रजीशिवाय नोकरी नाही म्हणणारे पालकही अगदी चूक नाहीत. पुढे इंग्रजी लागणारच आहे. पण आधी गोष्ट समजलेली असली, की तिचे इंग्रजी नाव लक्षात ठेवायला एक संध्याकाळ पुरते. नाव आधी पाठ केले आणि गोष्ट समजलीच नाही, तर तीन वर्षेही पुरत नाहीत.

मुलगी कॉलेजात आहे. पहिल्या सत्रात पास झाली, गुण बेताचेच. व्याख्या अजूनही तिला शब्दशः लिहिता येत नाहीत. पण रविवारी सकाळी आता ती एकटी येत नाही, वर्गातल्या दोन मुलींना घेऊन येते. परवा त्यांतल्या एकीने तिला विचारले, "म्युटेबल म्हणजे काय गं?"

तिने आजीच्या कॅलेंडरकडे बोट केले आणि म्हणाली, "जे पुसून लिहिता येते ते."

आजी आतून ओरडली, "पुसजो, पण मले विचारून पुसजो!"

याहून नेमका इशारा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही.